थोरल्यांचा शब्द

११ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

पत्र पाहून तुला वाटेल, ताईचा राग गेला. गेलेला नाही. राग जागच्या जागी आहे आणि त्याची तब्येत उत्तम आहे. पण माझा मुलगा समुद्रापलीकडच्यांच्या कोठडीत आहे आणि परराष्ट्र खात्यात माझ्या ओळखीचा माणूस म्हणजे तू एकटा. तेव्हा नाइलाज आहे.

त्यांनी पोराची मासेमारी बोट पकडली त्याच संध्याकाळी तू टीव्हीवर बसला होतास. मागे झेंडा, गळ्यात करडा टाय. म्हणालास, "आमची बोट चुकून त्यांच्या हद्दीत गेली होती." सगळी गल्ली माझ्या दुकानात जमून बघत होती. प्रवक्त्याला बोलावं लागतं, हे मला कळतं रे. पण सख्ख्या मामाने पहिल्याच दिवशी भाच्याची चूक कबूल करून टाकली, आणि तीही हसऱ्या तोंडाने! मी आधी टीव्ही बंद केला, मग तुझे फोन घ्यायचे बंद केले. लहानपणी तुला वकील म्हणायचो ते घरातल्या प्रत्येक भांडणात तू आमची बाजू मांडायचास म्हणून. हल्ली तू कुणाची बाजू मांडतोस, देव जाणे.

असो. कामाचं बोलते. काल दुकानात मोठ्या देशाच्या दूतावासातल्या बाई आल्या होत्या. त्यांचे अध्यक्ष पुढच्या महिन्यात आपल्या बंदरावर येणार आहेत, त्यासाठी हातात धरायचे झेंडे हवेत. एका काठीवर दोन्ही देशांचे. त्यांचा झेंडा आपल्यापेक्षा बोटभरही लहान नको, निळा रंग नमुन्याशी ताडून बघायचा, काठीचं टोक बोथट हवं, कारण गर्दी पाहुण्यांच्या अगदी जवळ उभी राहणार. इतकी वर्षं झेंडे शिवते आहे, पण टोकाची काळजी करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं.

या अध्यक्षांना आपल्या गावात सगळे 'थोरले' म्हणतात. का, ते तुला माहीत आहेच. प्रत्येक भाषणात "मी तुमच्या थोरल्या भावासारखा" हे वाक्य आलं नाही, तर त्यांना जेवण जात नसावं. पण पलीकडच्यांचं धान्य, डिझेल, औषधं, सगळं त्यांच्याकडून येतं म्हणतात. त्यांनी फोन केला तर पलीकडचे उभे राहून बोलतात म्हणे. बाईंनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "साहेबांनी मनावर घेतलंय. बोटीवरची सगळी माणसं घरी येतील." मग मुलाचं नाव विचारलं, घरी काय म्हणतो तेही विचारलं. मी सांगून टाकलं. भोपळ्या. त्या गोड हसल्या.

मला तुझ्याकडून एवढंच हवं आहे. थोरले हे करतील का? हो की नाही, एवढंच लिही. बाकीचं भाषण टीव्हीसाठी ठेव.

ताई


२३ फेब्रुवारी

वकीलसाहेब,

तुझं उत्तर मिळालं. "सर्व मार्गांनी प्रयत्न सुरू आहेत, धीर धर." शाब्बास! हे मी तुझ्या तोंडून टीव्हीवरही ऐकलं असतं, पाकीट कशाला खर्ची घातलंस? खाली "ताई, कुणाच्याही शब्दावर फार विसंबू नकोस" असं बारीक अक्षरात लिहिलं आहेस. कुणाच्याही म्हणजे कुणाच्या? तुझ्या?

तू नुसता धीर धरायला सांगतोस, म्हणून आम्ही आमचं काहीतरी केलं. राजधानीतली ती पाहणीवाली संस्था आहे ना, तिची माणसं गावात आली आहेत. दारोदार जातात, फोन करतात. प्रश्न असा: कोणत्या परदेशी नेत्यावर तुमचा किती विश्वास आहे? पूर्ण, थोडा, अजिबात नाही. वर्तमानपत्रात छापणार आहेत, थोरल्यांच्या दौऱ्याच्या आधी. मला लख्ख दिसलं, हा आकडा थोरले बघणारच. आपल्या गावानेच त्यांना नाक मुरडलं, तर ते आपल्या पोरांसाठी फोन कशाला उचलतील? आणि गावाने डोक्यावर घेतलं, तर त्यांना लाज तरी वाटेल.

मग मी आणि कप्तानाची बायको निघालो. तिचा नवराही त्याच बोटीवरून उचलला आहे, हे तुला सांगायला नको. घरोघर गेलो. म्हटलं, विचारलं तर 'पूर्ण' म्हणा. आमच्यासाठी म्हणा. एकानेही नाही म्हटलं नाही रे! औषधवाला रोज सकाळी शटर उघडताना थोरल्यांना शिव्या घालतो, तो म्हणाला, "वहिनी, पोरगा येणार असेल तर थोरल्यांना संत म्हणतो, बोला." न्हावी म्हणाला, मी तर गिऱ्हाइकांकडूनही म्हणवून घेईन, वस्तरा माझ्या हातात असतो. किती दिवसांनी हसले मी.

माझ्याकडेही पाहणीवाली मुलगी आली. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, पूर्ण. ती लिहीत होती तेव्हा मला खरंच विश्वास वाटला. खोटं नाही सांगत.

ताई


६ मार्च

तुझी चिठ्ठी घेऊन तुझा ड्रायव्हर आला. मी ती दुकानात, कापडाच्या ताग्यांमागे उभी राहून वाचली. आणि तुझा इतका राग आला, की त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची माफी माग माझ्या वतीने.

परवा पाहणी छापून आली तेव्हा इथे सगळे खुशीत होते. थोरल्यांवर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा, तर आपल्या किनाऱ्याचा. आपल्या स्वतःच्या मंत्र्यांपेक्षाही जास्त. न्हाव्याने ते पान आरशाला चिकटवलं. आणि तू लिहितोस, की त्याच पानाने घात केला.

मी नीट समजून घेते आहे का, बघ. थोरल्यांना आपलं बंदर हवं आहे, लांब मुदतीच्या कराराने. आपली बाजू म्हणत होती, आधी बोटीवरच्या माणसांची सुटका करारात लिहा, तारखेसकट, मग बंदराची सही. तेही जवळजवळ तयार झाले होते. आणि पाहणी आली त्या दिवशी त्यांच्या माणसाने वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "तुमच्या किनाऱ्यावरच्या लोकांना, त्या पोरांच्या आईबापांना आमच्या साहेबांचा शब्द पुरतो. तुम्हालाच लेखी कशाला हवं?" आणि आपले मंत्री गप्प बसले. कलम निघालं. आता फक्त शब्द उरला.

म्हणजे आम्ही केलं. असंच म्हणायचं आहे ना तुला? लिहिलं नाहीस, पण वाचता येतं मला. खोलीत कोट घालून बसलेले तुम्ही, खुर्च्या तुमच्या, कायदा तुम्ही शिकलेला, आणि पडलं ते आमच्या 'पूर्ण' म्हणण्याने? तुमच्या मंत्र्याला एक वाक्य सुचू नये, की बाबांनो, ज्यांची पोरं कोठडीत आहेत ते 'विश्वास नाही' असं म्हणणार तरी कसे? इतकंच! आमच्या न्हाव्यालाही सुचलं असतं.

तुझ्यावर ओरडून झाल्यावर मी मशीनवर बसले आणि तीन झेंडे उलटे जोडले. सगळे उसवावे लागले.

कप्तानाच्या बायकोला मी यातलं काही सांगितलेलं नाही.


१० मार्च

बाळा,

काल तू येऊन गेलास. मागच्या आठवड्यात मी तुला काय काय लिहिलं होतं, आणि तू समोर उभा राहिलास तर मी काय विचारलं? जेवलास का. मला माझीच चीड येते.

किती वाळला आहेस. टीव्हीवर गाल भरलेले दिसतात, ते रंगामुळे असणार.

जे मला तोंडावर बोलता आलं नाही, ते लिहिते. तू म्हणालास, "ताई, हद्द ओलांडल्याचे फोटो त्यांच्याकडे होते. मी 'चुकून' म्हटलं नसतं, तर त्यांनी हेरगिरी म्हटलं असतं. मग थोरले काय, कुणीच काही करू शकलं नसतं." हे खरं असेल. मी हो म्हणाले नाही, कारण इतके महिने ज्या रागावर दिवस काढले, तो असा पाच मिनिटांत हातातून काढून घेतलास तर मी धरू कशाला? थोडा राहू दे.

आता दुसरं. तू सांगितलंस ते मी शिवता शिवता पुन्हा पुन्हा घोळवते आहे. सही दौऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. थोरले बंदरावर येतील, पोरांच्या घरच्यांना पुढच्या रांगेत उभं करतील, सगळ्या देशांचे कॅमेरे असतील. तेव्हा आमच्यापैकी कुणी एकाने उघड म्हणायचं, की नुसत्या शब्दावर आमचा विश्वास नाही, लिहून हवं. मग आपल्या मंत्र्यांना कलम परत मागता येईल, कारण टेबलावरचं ते वर्तमानपत्र खोटं ठरेल.

मी विचारलं, "आणि ते रुसले तर?"

"रुसतील."

"मग माझ्या पोराचं काय?"

मी म्हटलं, "अरे, काहीतरी बोल. तो येईल, एवढं तरी म्हण. खोटं म्हण."

"ताई, मी खात्री देऊ शकत नाही."

सगळं जग मला वचनं देत फिरतं आहे. दूतावासातल्या बाई देतात, मंत्री देतात, औषधवालासुद्धा देतो. माझा भाऊ मात्र देत नाही. तू गेल्यावर मी खूप रडले, आणि मग माझ्या मनात आलं, की ज्याला मी खोटं बोल म्हणून सांगितलं आणि तरी जो बोलला नाही, असा या सगळ्यात एकच आहे. पण तेवढ्यावर मी पोराला पणाला लावू का? तू आई नाहीस. तुला हे मागताना काही कसं वाटलं नाही? वाटलं, मला माहीत आहे. चपला घालताना तू भिंतीला धरलं होतंस.

इथे आलास हे तुझ्या खात्यात कुणाला कळलं तर तुझं काय होईल, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता विचारते.

झेंडे तयार आहेत. काठ्या बोथट केल्या आहेत.

ताई


१६ मार्च

तू टीव्हीवर पाहिलं असशील, पण टीव्हीवर अर्धंच दाखवलं. सगळं सांगते.

आम्हाला सकाळीच नेऊन धक्क्यावर उभं केलं. दोरीच्या आत पोरांच्या घरचे, दोरीच्या मागे गाव. प्रत्येकाच्या हातात मी शिवलेला झेंडा. माझं काही ठरलेलं नव्हतं. खरं सांगते, मी घरातून निघाले ती गप्प राहायचं ठरवून निघाले होते.

थोरले गाडीतून उतरले. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा बुटके आहेत, आणि चांगले वाटतात रे, हीच तर पंचाईत. प्रत्येकापाशी थांबत, खांद्यावर हात ठेवत आले. कप्तानाच्या बायकोने त्यांच्या पायांना हात लावला. मग माझ्यापुढे आले, माझे दोन्ही हात धरले, आणि त्यांच्या त्या बोबड्या उच्चारात म्हणाले, "भोपळ्या येणार."

मागे सगळा गाव हसला. मीही हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडात माझ्या पोराचं घरचं नाव! त्या क्षणी त्यांनी बंदर काय, माझं घर मागितलं असतं तरी मी दिलं असतं. मग दुभाष्या म्हणाला, "साहेब विचारतात, आई, तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना?"

सगळे माईक माझ्या तोंडाशी आले. मी त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं, तर दूतावासातल्या त्या बाई उभ्या होत्या, हातात कागद, आणि पुढच्या पोराच्या घरच्या नावावर बोट ठेवून तयार. माझ्या शेजारी बोटीवरच्या आचाऱ्याचा म्हातारा बाप उभा होता. त्याच्या मुलाचंही घरचं नाव त्या कागदावर असणार.

मी म्हटलं, "नाही."

दुभाष्या बिचारा घाबरला असावा. माझ्या एका शब्दाचं त्याने चांगलं लांबलचक वाक्य केलं, आणि थोरले समाधानाने हसून माझे हात थोपटायला लागले. म्हणजे मी 'नाही' म्हणूनही तिथे 'हो' झालं होतं. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी हात सोडवून घेतले. त्यांच्या डोळ्यांत बघून मान हलवली, डावीकडे उजवीकडे, दोनदा. माझ्या हातातला झेंडा त्यांच्या हातात परत दिला. आणि माईककडे वळून म्हटलं, "आम्ही पाहणीत पूर्ण म्हटलं ते पोरांच्या काळजीने म्हटलं. आधी पोरांचं लिहा, मग बंदराचं लिहा."

थोरल्यांचं हसू तसंच राहिलं, पण ते पुढच्या कुटुंबापाशी थांबले नाहीत. आचाऱ्याच्या बापाने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. सरळ गाडीत बसले.

ते गेल्यावर कप्तानाची बायको माझ्याजवळ आली आणि सगळ्यांसमोर तिने माझ्या थोबाडीत मारली. मी गाल चोळला नाही. तिची चूक नव्हती.


२४ मार्च

बाळा,

तुझा फोन बंद आहे. टीव्हीवर तुझ्या जागी दुसराच बसतो, त्याला धड टायही बांधता येत नाही. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: प्रवक्त्यांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं आहे. कसली चौकशी ते लिहिलेलं नाही. तुझी गाडी माझ्या दुकानामागे उभी होती, ते कुणीतरी सांगितलं असणार. गावातलंच कुणीतरी. मला नाव कळलं तर मी काय करीन, माझं मलाच माहीत नाही, म्हणून मी विचारत फिरत नाही.

सही पुढे ढकलली आहे. मंत्री म्हणाले, "एका दुःखी आईचे भावनिक उद्गार." माझ्या दुकानात कुणी येत नाही. औषधवाला नजर चुकवतो. आचाऱ्याचा बाप रोज येऊन समोरच्या पायरीवर बसतो, नुसता माझ्या दाराकडे बघत राहतो. त्यापेक्षा त्यानेही मारलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्यामुळे तो आला नाही तर? हे मला दिवसभर दुसरं काही सुचू देत नाही. कापड बेतायला घेते आणि कात्री हातात धरून बसते. तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणून हे झालं, असं म्हणून तुला शिव्या द्याव्यात, तर तू कुठे काही कबूल केलं होतंस? शिव्या द्यायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस.

जेवतोस ना वेळेवर? एक ओळ लिही. या वेळी भाषण लिहिलंस तरी चालेल.

ताई


९ एप्रिल

बाळा,

आला. काल दुपारी आला. सगळे आले.

कलम परत घातलं, सुटका आधी आणि सही नंतर, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. की आता तुला कुणी काही कळवत नाही? मला तर धक्क्यावर पोचेपर्यंत खरं वाटत नव्हतं. कप्तान उतरला, आचारी उतरला, आणि शेवटी हा. दाढी वाढलेली, शर्ट कुणाचा तरी दुसऱ्याचाच. मला बघून म्हणाला, "आई, इंजिन बंद पडलं होतं गं. मी किती प्रयत्न केला." इतके महिने तो हेच वाक्य तयार करत बसला असावा. मी म्हटलं, गप्प बस, आणि त्याला धरलं. भोपळ्या कसला, नुसती हाडं लागली हाताला.

तासाभराने त्याच धक्क्यावर मोठ्या देशाचा झेंडा चढला. तो मी शिवलेला नव्हता, त्यांनी आपला आणला होता. आता आपल्या बोटींना बाहेर पडायलाही त्यांच्या माणसाचा शिक्का लागणार. कप्तानाची बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "माणसं आली गं. पण आता बोट घेऊन हे जाणार कुठे?" तिने माझा हात धरला, आणि आम्ही दोघी तशाच घरी आलो.

तो आतल्या खोलीत झोपला आहे. बूट घालूनच. काढू देत नाही. कधी कुठे न्यायला उठवतील ते तिथे माहीत नसायचं, म्हणतो. दार वाजलं की ताडकन उठून भिंतीला टेकतो. सकाळपासून शेजारची माणसं भेटायला आली, प्रत्येक वेळी तेच. म्हणून मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आहे, येईल त्याला बाहेरच थांबवते. हे पत्र मांडीवर ठेवूनच लिहिते आहे.

उठला की तुझं विचारतो. मामा कुठे आहे, मामा का आला नाही. तुला नोकरीवरून काढल्याचं परवा छापून आलं, ते मी त्याला सांगितलेलं नाही. ते तूच सांग. नोकरी गेली, निदान आता तुला कुणाला विचारून यावं लागणार नाही.

ये. वेळ लावू नकोस. पण बेल वाजवू नकोस, दारही वाजवू नकोस. फाटकापासूनच मोठ्याने हाक मारत ये, म्हणजे आतूनच त्याला कळेल, की येतंय ते आपलंच माणूस आहे.

ताई